टेलरबाईंची लाल साडी

पुढे सरकून बसा आणि ते मोबाइल पालथे घाला. ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नाही. आमच्या गल्लीतल्या टेलरबाईंच्या बाबतीत घडलेली आहे. त्यांच्या दुकानाला लागूनच माझं इस्त्रीचं दुकान होतं.

बारा डिसेंबर, शुक्रवार. रात्रीचे साडेअकरा. दुसऱ्या दिवशी बाईंच्या लेकीचं लग्न. जगाच्या लग्नाचे ब्लाउज वेळेवर देणाऱ्या बाईंचा स्वतःचाच ब्लाउज हुकांवाचून राहिला होता. म्हणून त्या एकट्याच दुकानात आल्या, शटर अर्धं ओढलं आणि सुई हातात घेतली.

साडी लालभडक. तिच्यावरूनच संध्याकाळी घरात ठिणगी पडली होती.

"नवऱ्यामागं लाल?" थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. "लाल-हिरवं सवाष्णींनी नेसावं. तुला राखाडी आणलीय ना मी! आणि मागच्या रांगेत बस हो. सासूबाई असत्या तर..."

"कन्यादान मी करणारे," बाई म्हणाल्या. "मागच्या रांगेतून माझा हात पोचायचा नाही."

सासूबाई म्हणजे मोठं प्रकरण. बाविसाव्या वर्षी त्यांच्या हातावरची मेंदी गेली आणि अंगावर पांढरं आलं, ते सत्तरीत सरणावरच उतरलं. मुलगा गेला तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेचं कपाट उघडलं आणि एकूण एक रंगीत साडी वाटून टाकली. "रंग आपल्याला नाही," एवढंच बोलल्या. त्यांना जाऊनही नऊ वर्षं झाली होती.

तर बाईंनी दोऱ्याचा रंग बघायला साडीचा पदर खांद्यावर टाकला आणि हुक लावायला घेतले. एक झाला. दोन. तीन.

कोपऱ्यातल्या ट्रायल रूमचा पडदा हलला.

पंखा बंद होता. वारा नव्हता. पडदा जमिनीपासून वीतभर आखूड. त्या फटीत... पांढऱ्या साडीचा काठ. आणि दोन पावलं.

"कोण आहे?"

...

"काढ."

आवाज ओळखीचा होता. सुई बोटात घुसली. रक्त पदरावर पडलं, पण लालावर लाल, दिसलंच नाही.

"काढ तो रंग, सूनबाई. आपल्याला नाही."

शटर चार पावलांवर होतं. बाईंची नजर तिकडं गेली. पाय मात्र उचलला नाही. पळाले तर आज सुटेन, त्यांना वाटलं, पण उद्या राखाडीच नेसेन. त्यांनी चौथा हुक लावला.

"अहो आई," त्या म्हणाल्या, "माझं कपाट रिकामं केलंत, मी हूं की चूं केलं नाही. तुमचं दुःख कळत होतं मला. पण उद्या माझ्या लेकीचा हात मी देणार, आणि लाल नेसूनच देणार. तुम्हाला काय करायचं ते करा."

दिवा गेला.

अंधार. पावलांचा आवाज नाही. श्वास नाही. नुसता गारवा... जवळ येणारा.

खांद्यावर हात पडला.

पदर ओढला गेला. बाईंनी दोन्ही मुठींनी धरला. पुन्हा ओढला. "नाही सोडणार!" दात आवळून त्या बोलल्या. "नाही... सोडणार..."

...

...

ओढ सुटली.

दिवा आला, तेव्हा पडद्याखाली कुणी नव्हतं. खांद्यावरच्या पदराचा रंग मात्र उडाला होता. पाच बोटं, एक तळवा. पांढरेफटक.

बाईंनी पाचवा हुक लावला आणि शटर ओढून घरी गेल्या.

सकाळी जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, कोपल्यात त्या! बदल साडी! निदान तो डाग तरी आत घे!"

बाईंनी पदराची ती बाजू मुद्दाम दर्शनी घेतली, पिन लावली आणि पहिल्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. हातावर पाणी पडलं तेव्हा लेक रडली. बाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

रात्री पाहुणे पांगल्यावर साडीची घडी घेऊन त्या माझ्याकडं आल्या. "डाग निघतो का बघा," म्हणाल्या. मी पदर टेबलावर पसरला. हात तसाच होता, पांढरा.

पण तळव्यावर नक्षी होती. वेलबुट्टी, पार बोटांच्या टोकांपर्यंत.

"सकाळी नव्हती," बाई पुटपुटल्या.

मी बोट लावलं. मेंदी होती.

ओली.