टेबलावरची वर्तुळं

स्वयंपाकघरातल्या लाकडी टेबलावर, मंद आचेवर दिवसभर शिजवणाऱ्या विजेच्या स्लो कुकरच्या डाव्या बाजूला, पांढरट वर्तुळं उमटली होती. एकमेकांवर चढलेली, जेमतेम बोटभर सरकलेली. वहिनींनी पट्टी लावली. प्रत्येकाचा व्यास तेवीस सेंटीमीटर. कुकरच्या काचेच्या झाकणाचाही तेवढाच.

खासगी तपास करणाऱ्या या बाईंना सगळे वहिनीच म्हणत, कारण कायम सोबत असणारे त्यांचे दीर तसं म्हणत. दीर सध्या पोर्कचा तुकडा चावत होते.

"चामडं आहे, वहिनी!"

"सलग चौथा रविवार," या घरची मुलगी म्हणाली. तिनंच दोघांना बोलावलं होतं. "आईचाच कुकर, आईचीच कृती. दवाखान्यात कामाला जाताना सकाळी आठला इथे येऊन मांस, कांदा, पाणी, मीठ मोजून घालते. मंदवर लावते. सहाला परत येते. आईच्या हातचं नुसत्या चमच्यानं तुटायचं. माझं चिवट होतं. वर खारट, आणि रस दोन बोटं कमी."

"यात शोधायचंय काय?" तिचा धाकटा भाऊ वैतागला. "बाबा बटण बंद करतात आणि विसरतात. आई गेल्यापासून, वर्षभर विचारतोय, ताईकडे राहायला जा. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. आता विसरायलाच लागले तर विचारायचं कशाला? वृद्धाश्रमात जागा बघितलीय मी. उद्या कळवायचंय."

"बटण बंद केलेलं कधी पाहिलंत?" वहिनींनी विचारलं.

"पाहिलं नाही. दुपारी पाच मिनिटं येतो, दारातूनच औषधं देऊन जातो. पण दुसरं काय असणार?"

वडील ओट्यावरून चहा घेऊन आले. डाव्या हातात किटली. पाचही कप भरले, थेंब सांडला नाही.

"काका, कुकरच्या बटणाला हात लावता?"

"नाही."

"दिवसभर कुठे बसता?"

"इथेच. या खुर्चीत." त्यांनी नजर वळवली.

दीर कुजबुजले, "कळलं मला! मुलगा दुपारी येऊन रस पितो."

"भावोजी, सगळ्यांना तुमच्यासारखी भूक नसते." वहिनींनी कप खाली ठेवला. "रस कुणी प्यायला असता, तर उरलेला जास्त खारट झाला नसता. इथे मीठ राहिलं, पाणी गेलं. म्हणजे वाफ गेली. कुकर बंद असता तर वाफ झाली नसती. झाकण लावलेलं असतं तर वाफ काचेला लागून पुन्हा भांड्यात पडली असती."

"मग?" मुलानं विचारलं.

"कुकर चालू होता, पण कुणीतरी झाकण उघडत होतं. एकदा उघडलं की गेलेली ऊब भरून यायला अर्धा तास लागतो. दिवसभर उघडलं तर मांस शिजणार कसं? पाच मिनिटांच्या फेरीत हे होत नाही. आणि गरम, ओलं झाकण दर वेळी डावीकडे ठेवलं गेलंय, डावखुरा माणूस ठेवेल तसं. तुमचे वडील काही विसरत नाहीत. ते मुद्दाम उघडतात."



"वास," वडील म्हणाले. "दहाच्या सुमाराला सुटायला लागतो. मी झाकण उचललं की तुमची आई आतून ओरडायची, 'अहो, ठेवा ते झाकण!' ती ओरडावी म्हणूनच उचलायचो मी. आता पुन्हा पुन्हा उचलतो. कुणी ओरडत नाही."

"सांगायचंत ना, बाबा!" मुलगी कळवळली.

"काय सांगू? म्हातारा भांड्यात तोंड घालून बसतो म्हणून?"

मुलानं मान खाली घातली. "चुकलो मी. उद्या वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवतो."

"तुम्ही इथेच राहा, बाबा," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "आता कुणी काही विचारणार नाही."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं.

"रविवारी निदान वास तरी असतो गं. बाकीचे सहा दिवस या घरात नुसता मीच असतो." ते थांबले. मग स्पष्ट आवाजात म्हणाले, "मी तुझ्याकडे येतो राहायला."