ओहोटीचं घर

आमच्या किनाऱ्यावर घराचं गिऱ्हाईक ओहोटीलाच बोलवायचं असतं. सेमारांग शहराच्या या टोकाला एवढं लहान पोरालाही कळतं. मीही तसंच बोलावलं. भिंतीवरचा खाऱ्या पाण्याचा डाग आईनं आणि मी रंगानं झाकला होता. विकायचं, आणि आईला वर टेकडीकडे न्यायचं, एवढंच ठरलं होतं.

दुपार शांत होती. गिऱ्हाईक म्हणून सेनो आला, सोबत त्याची बायको; तिचं नाव रात्री. तिला सातवा महिना.

दारातच सेनोचं डोकं आपटलं. "दार का इतकं बुटकं? या घरात सगळे नम्रच दिसतात!"

दार बुटकं नव्हतं, जमीन वर आली होती. पाणी चढेल तसे आम्ही भराव टाकत गेलो. जुना उंबरा कमरेइतका खाली गेला. माझ्या जन्मावेळची वारही तिथेच, मडक्यात, वडिलांनी पुरलेली. वार म्हणजे आपलं धाकटं भावंड, असं आमच्यात मानतात. भराव टाकताना त्याला सांगायचं असतं. घाईत आम्ही कधीच सांगितलं नाही.

शेजारची तार्मी कुंपणावरून ओरडली, "घ्या घ्या! डास फुकट आहेत!"

आईनं तिच्याकडे डोळे वटारले.

सेनोनं भिंतीवरून हात फिरवला. "खरं सांग हं भाऊ. घरात भरतीचं पाणी येतं का?"

आई माझ्याकडे बघत होती. सेनोची बायकोही.

"नाही," मी म्हणालो. कान तापले.

तेवढ्यात चिखलाचा वास आला. फरशीखालून, खूप खोलवरून, कुणीतरी हळूच म्हणालं,

"दादा... इथे पाणी आहे..."

सेनो छताकडे बघत होता, त्यानं ऐकलं नाही. आईनं पदराशी चाळा केला. रात्रीचा हात मात्र पोटावर गेला.

"खाली... कोण आहे?" तिनं विचारलं.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आणि तिथे कोण आहे ते आठवून अंगावर काटा आला.

"येतं," मी एकदम बोललो. "पाणी येतं, सेनोदादा. दर पुनवेला गुडघाभर. नका घेऊ."

सेनोचा चेहरा उतरला. "लाज नाही वाटत? पोटुशी बाई दिसत नाही तुला?" त्यानं बायकोचा दंड धरला. "चल."

ती हलली नाही. उंबऱ्यापाशी खाली बसली, तळवे फरशीला टेकले.

"हेच घ्यायचं," ती म्हणाली. "तो म्हणतो... इतकी वर्षं एकटा आहे. आता सोबत हवी."

"कोण म्हणतो? रात्री... अगं, ऊठ!"

त्यानं तिला ओढून उभं केलं. ती बसली होती तिथे ओंजळभर पाणी साचलं होतं, आणि त्यात नखाएवढा मासा तडफडत होता.

सेनो तिच्या तोंडाकडे बघत होता. आईनं चटकन त्या पाण्यावर फडकं टाकलं आणि हसून म्हणाली, "या दिवसांत बाईचं मन मोडू नये, बाबा. घेऊन टाक."

मी मान वर केली नाही. फडकं हलत होतं.