हात आवरण्याची विद्या

ऊर्मिला ढवणच्या पोटावरचा गर्भदर्शी पट्टा हिरवा झाला आणि डॉक्टर नलिनी केंजळेने तो पुन्हा एकदा तपासून पाहिला. बाळ बुडावर बसलेलं होतं. त्याचं डोकं आणि आईच्या कटीची हाडं मोजून पट्ट्याने कौल दिला होता, की नैसर्गिक बाळंतपण जमण्याजोगं आहे. कौल यंत्राचा, निवड बाईची. पण तालुक्याच्या त्या रुग्णालयात असं बाळंतपण कुणी पाहिलंच नव्हतं. पायाळू बाळ म्हटलं की शस्त्रक्रिया, ही रीत पडून पिढी उलटली होती.

नलिनीने काही लपवलं नाही. दोन्ही वाटांवरचे धोके सांगितले, शेजारी शस्त्रक्रियेची तयारी आहे आणि मन कधीही बदलता येईल हेही सांगितलं. आपण हे फक्त सरावाच्या स्पर्शपुतळीवर शिकलो, हेसुद्धा. पुतळीसोबतच्या हातमोज्यांत जुन्या डॉक्टरांचा स्पर्श साठवलेला असे. शिकताना ऐन मोक्याला मोजे गप्प पडले, तेव्हा नलिनीने ते बिघडले म्हणून दुरुस्तीला पाठवले होते. उत्तर आलं, मोजे ठीक आहेत, त्या डॉक्टरांचे हातच तिथे मुद्दाम थांबलेले आहेत. ओढलं तर बाळाचे हात वर जातात आणि डोकं अडकतं.

"मग तुम्हाला थांबता येतं का आता?" ऊर्मिलाने विचारलं.

"येतं."

"मग मी कळा देते. तुम्ही थांबा."

ऊर्मिला गुडघ्यांवर ओणवी झाली. बूड आलं, पाय सुटले, अर्धं बाळ बाहेर लोंबू लागलं. नलिनीचे हात शिवशिवत होते. पट्ट्यातून बाळाचे ठोके नीट ऐकू येत होते, म्हणून तिने हात आवरले. पुढच्या कळेला बाळाचे हात आपसूक आले. शेवटी खांद्यांवर हलकासा दाब, डोकं सुटलं आणि मुलगी रडली. नलिनीचा ऊर भरून आला. तिला स्वतःचा अभिमान वाटला आणि ऊर्मिलाचा त्याहून जास्त.

ऊर्मिलाच्या सासूबाई, हौसाबाई, कमरेवर हात ठेवून आत आल्या. पायाळूची लाथ बसली की उसण जाते, आता नात चालायला लागली की झालं, असं त्या म्हणाल्या. आधी बूड आलं, पाय नव्हे, असं नलिनीने हसत सांगितलं.

"डोक्याच्या आधी आलं न्हवं पाय? मग पायाळूच."

पुढच्या शिकणाऱ्यांसाठी नलिनीच्या मोज्यांनीही नोंद घेतली होती. ती पाहायला गेली तर नोंदी साठवणाऱ्या नव्या यंत्रणेने विचारलं, 'बराच भाग रिकामा आहे. पुसायचा का?'

नलिनीने ठामपणे 'नाही' म्हटलं. पण उद्या हा प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारला, तर?