बंद खांबाचा लाइटवाला

बालवाडीतल्या सगळ्या ताटल्या त्या दुपारी भरलेल्या परत आल्या.

एकाही पोराने घास घेतला नव्हता. घरून तसं बजावूनच पाठवलं होतं. संध्याकाळी स्वयंपाकाच्या मावशींना 'तूर्त घरी बसा' असं सांगण्यात आलं. नगरपालिकेत 'तूर्त' म्हणजे किती, हे तिथे केस पांढरे केलेल्यांनाही सांगता येत नसे.

मावशींना क्षय झाला होता. औषधं चालू होती, संसर्गाची भीती संपली होती, डॉक्टरांनी कामावर जायला परवानगीही दिली होती. ही गोष्ट मावशी आणि आरोग्य विभाग सोडून कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मग ती गावभर झाली कशी?

मुख्याधिकाऱ्यांनी भिंगकाकांना तातडीने बोलावलं. काका नगरपालिकेचे चौकशी अधिकारी. चष्म्याच्या जाड काचांमुळे हे नाव पडलेलं.

"बातमी आपल्या ऑफिसातून फुटली असेल, तर बाईंना कामावर परत घेतो," साहेब म्हणाले. "स्वतःच बोलल्या असतील, तर कायमच्या घरी. काढा शोधून."

मावशींच्या घरात मिळवणारं दुसरं कोणी नव्हतं.

आरोग्य विभागात डॉक्टरीणबाईंनी कपाट दाखवलं. दोन कुलपं, दोन्ही शाबूत, किल्ल्या बाईंच्या पर्समध्ये.

"पेशंटचं नाव मी नवऱ्यालासुद्धा सांगत नाही."

"ते विचारतात?"

"ते माझीसुद्धा चौकशी करत नाहीत."

"रोजच्या गोळ्या घरी कोण पोचवतं?"

"आमचा कंपाउंडर. पण कोणाच्या बापाला पत्ता लागणार नाही, अशी व्यवस्था केली आहे मी."

दारामागच्या खुंटीला एक निळं जॅकेट लटकत होतं. पाठीवर भला मोठा पिवळा बल्ब छापलेला. काकांनी चष्मा पुसला आणि ते बाहेर पडले.

मावशींची गल्ली भर दुपारीही अंधारीच होती. दारासमोर दिव्याचा खांब होता, आणि वर बल्बच्या जागी कावळ्याने घरटं केलं होतं. घरट्यातली अंडी फुटून पिल्लं उडूनही गेलेली दिसत होती.

मावशींनी दार अर्धंच उघडलं.

"तुम्ही कोणाजवळ बोललात का?"

"सख्ख्या बहिणीला नाही सांगितलं, साहेब. खोकला आला तर उशीत तोंड खुपसून खोकत होते. मी कशाला सांगू?"

शेजारच्या दारात बालवाडीची आया उभी होती. ती बराच वेळ एकच फडकं पिळत होती.

"मावशींच्या आजाराचं तुम्हाला कोणी सांगितलं?" काकांनी विचारलं.

"सगळ्यांनाच माहीत आहे की."

"सगळ्यांना कोणी सांगितलं?"

"मी."

"आणि तुम्हाला?"

"ते नाही सांगणार. शब्द दिलाय मी."

गुप्तता इतकी काटेकोर पाळणारं माणूस काकांना नगरपालिकेत आजवर भेटलं नव्हतं.

"मला काय विचारता?" आया उसळली. "त्या लाइटवाल्याला विचारा! रोज सकाळी हिच्या घरात शिरतो, पण खांबाकडे मान वर करून बघत नाही. अंधारात पडून माझ्या सासूबाईंची कंबर मोडली. शेवटी तक्रार केली मी."

काका तडक दिवाबत्ती विभागात गेले.

"त्या गल्लीत तुमचा माणूस रोज जातो म्हणे."

हेडक्लार्कना हे फार लागलं. "आमचा? दोन वर्षांत आमच्या विभागाचं चिटपाखरू तिकडे फिरकलेलं नाही! छातीठोकपणे सांगतो."

"आणि तिथल्या बाईंची तक्रार?"

"त्याच दिवशी निकाली काढली."

"न फिरकता?"

"बाई समाधानाने घरी गेल्या. आणखी काय हवं?"

काकांना आणखी काही नको होतं.

मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये डॉक्टरीणबाई आणि हेडक्लार्क समोरासमोर बसले होते.

"कपाट कोणी फोडलेलं नाही," काका म्हणाले. "कंपाउंडर ओळखू येऊ नये म्हणून बाईंनी त्याला लाइटवाल्याचं जॅकेट घातलं. युक्ती झकास. फक्त गल्लीतला दिवा दोन वर्षं बंद आहे, हे कोणी पाहिलं नाही. लाइटवाला रोज येतो आणि दिवा काही लागत नाही. आयाचं डोकं फिरलं. तिने दिवाबत्तीत जाऊन 'तुमचा माणूस कामचुकार आहे' असं सुनावलं. आता विभागाच्या अब्रूचा प्रश्न आला! जागचं न हलता त्याच दिवशी तिचं समाधान करायचं, तर एकच उत्तर होतं. 'तो आमचा नव्हेच, तो क्षयाच्या गोळ्यावाला.'"

हेडक्लार्क ताडकन उठले. "मग काय खोटं बोललो? आमच्यावर फुकटचा आळ! आणि माझं नाव कुठे घेऊ नका, असं बजावलं होतं मी तिला."

"पण तुम्हाला कसं कळलं?" साहेबांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. "जॅकेट मागायला अर्ज करावा लागतो. कारण लिहिल्याशिवाय यांच्याकडे अर्ज घेत नाहीत. मी लिहिलं, क्षयरुग्णाची गुप्तता राखण्यासाठी. गल्लीसुद्धा लिहिली."

साहेब बोटांवर मोजू लागले.

"म्हणजे आरोग्याने दिवाबत्तीला रीतसर कळवलं. दिवाबत्तीने तक्रारदाराला रीतसर उत्तर दिलं. यात फुटलं कुठे, काका?"

"साहेब, मावशींची नोकरी..."

"फुटलंच नाही, तर परत घेऊ कशाच्या जोरावर? आणि घेतलं, तरी पोरं जेवणार आहेत का?"

चौकशीच्या निमित्ताने काका ज्या ज्या टेबलाशी गेले होते, त्या त्या टेबलालाही आता मावशींचा आजार ठाऊक झाला होता.

"तक्रार मात्र रास्त आहे," साहेब हेडक्लार्ककडे वळले. "दिवा आजच लावून टाका."

दिवाबत्ती विभागाने आयुष्यात प्रथमच सांगितलेलं काम सांगितलेल्या दिवशी केलं.

तिन्हीसांजेला काका गल्लीत शिरले, तेव्हा घरटं खाली गटाराच्या कडेला पडलं होतं. दिवा लखलखत होता आणि त्याचा सगळा उजेड नेमका मावशींच्या दारावर पडत होता. गल्ली ओट्यांवर येऊन बसली होती. आयाच्या सासूबाईंनाही उचलून बाहेर आणून ठेवलं होतं. काका दारापर्यंत पोचेतो कोणीही पापणी लववली नाही.

"कळलं, साहेब?" मावशींनी दार उघडत विचारलं.

"कळलं. तुम्ही बोलल्या नव्हतात."

"मग सोमवारपासून येऊ?"

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काचा स्वच्छच होत्या.

मावशी काय ते समजल्या. त्यांनी दार लोटलं, तरी फटीतून उजेडाची एक पट्टी आत चुलीपर्यंत आलीच.

"तेवढा दिवा तरी बंद करता येईल का हो?"

"येईल," काका म्हणाले. "अर्ज करावा लागेल. कारण लिहून."