गिदोन नक्की कोणाच्या बाजूचा?

"सोडून दिलं? असला बावळट हिरो मी जन्मात बघितला न्हाई!"

टॉकीजच्या दारात हस्ताचा पाऊस धो धो कोसळत होता, आणि संस्कृती मैत्रिणीवर अशी चिडली होती की जसा काही पिक्चर मनिषानंच काढलाय. "बापाला मारणारा समोर पडलाय, आणि हा त्याला पाणी पाजतोय!"

"मग काय गळा दाबायचा होता?"

आवाज मागून आला. वळून बघते तर एक उंच, सावळा मुलगा. चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि ओठांत दाबून धरलेलं हसू.

"तुमाला कोणी इचारलं?"

"कोणीच न्हाई. पण मारणं सोपं असतंय हो. माफ करून बघा एकदा कोणाला… मला तर अजून जमलं न्हाई."

झालं! पाऊस थांबला तरी दोघांचं थांबेना. शेवटी मनिषानंच हात जोडले. "अहो, आमच्या अभ्यासिकेत दर गुरुवारी वादाची बैठक असती. तिथं या आणि मनसोक्त भांडा. मला घरी जाऊ द्या!"

आणि तो खरंच आला की! नाव गिदोन साळवे. राहणार इथलाच, अंबाजोगाईचा. आई दवाखान्यात नर्स. हा रविवारी चर्चमध्ये ढोलकी वाजवणार, उरलेले दिवस स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणार. संस्कृतीही त्याच अभ्यासासाठी घाटनांदूरहून येऊन इथं खोली करून राहिलेली.

बैठकीची रीत मोठी न्यारी. मुलाखतीत वाकडेतिकडे प्रश्न येतात, म्हणून हनुमाननं, म्हणजे अभ्यासिकेतल्या सगळ्यांत थोरल्यानं, नियमच घातला होता. विषय कोणीही द्यावा, दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि ज्याच्या हाती जी बाजू येईल ती त्यानं मांडावी. मनात काय आहे ते घरी ठेवून यायचं.

मग काय, गुरुवारमागून गुरुवार रंगत गेले. समजा, होडी बुडतेय आणि एकालाच वाचवता येतं, तर आई की बायको? समजा, खोटं बोलून कोणाचा जीव वाचत असेल, तर ते पाप का? येशूनं सगळ्यांना माफ केलं, तर मग चांगलं वागायचं कशाला? गिदोन एका गुरुवारी देवाच्या बाजूनं असा बोलायचा की ऐकणाऱ्याचे डोळे ओले व्हावेत, आणि पुढच्या गुरुवारी देवाच्या विरुद्ध असा, की हनुमाननं कपाळावर हात मारावा. "अबे, तू नक्की कोणाच्या बाजूचा हायस?"

हाच प्रश्न संस्कृतीला छळू लागला. बैठक संपली की तो तिला गल्लीपर्यंत सोडायला यायचा. छत्री सगळी तिच्यावर, आणि याचा डावा खांदा चिंब. एकदा तिनं धीर करून विचारलं, "तुला स्वतःला काय वाटतं रे?"

"कशाबद्दल?"

"…कशाबद्दलही."

तो नुसता हसला. "ते नियमात बसत न्हाई."

अशा माणसावर जीव जडला म्हणजे पंचाईतच हो! जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलतो, आणि मनातलं एक अक्षर कळू देत नाही.

त्यात गावाकडून तिच्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, फोन आला. रविवारी माजलगावचे पाहुणे तिला बघायला येणार होते. मुलगा साखर कारखान्यात कायम नोकरीला. रविवारच्या आत गिदोनच्या मनातलं कळलं नाही, तर मग कळून उपयोग तरी काय?

त्या गुरुवारी विषय तिनंच दिला, गुपचूप. हनुमाननं मोठ्यानं वाचला, "समजा, ख्रिस्ती मुलाचा दुसऱ्या धर्माच्या मुलीवर जीव जडला. त्यानं मागं फिरावं, का पुढं जावं?"

चिठ्ठ्या निघाल्या. संस्कृतीकडं 'पुढं जावं'. गिदोनकडं 'मागं फिरावं'.

आता हा उभा राहणार आणि नेहमीसारखा गोड बोलून सगळं संपवणार!

गिदोन उठला. "मंडळी… आमच्यात म्हणतात, जू सारखं असावं. एक बैल इकडं, एक तिकडं, मग गाडी रस्त्यावर राहत न्हाई. घरात प्रार्थना एक असावी… आईला वाटतं तसं. ते काही खोटं न्हाई. पण…"

तो थांबला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सगळे बघतच राहिले.

"बोल की बे!" हनुमान म्हणाला. "देव न्हाई, हे सुद्धा तू घसा फाडून मांडलंस!"

"ते जमलं, दादा. हे जमंना." त्यानं संस्कृतीकडं पाहिलं, आणि या वेळी नजर खाली घातली नाही. "ही बाजू माझ्या तोंडातून निघत न्हाई. मी हरलो."

मनिषानं तोंडावर ओढणी धरली. हनुमानला काय कळायचं ते कळलं, तरी घसा खाकरून तो म्हणाला, "संस्कृती, तुझी बाजू?"

"त्यानंच मांडली," ती कशीबशी म्हणाली, आणि बाहेर पळाली.

तो मागोमाग आला. अंगणात पाऊस उघडला होता, पागोळ्या तेवढ्या ठिबकत होत्या.

"मला देव बदलावा लागंल का?" तिनं सरळच विचारलं.

"न्हाई. तू हायेस तशीच पाहिजेस मला. पण मी पण माझा देव सोडणार न्हाई, संस्कृती. आणि आईला सांगायला लई भ्या वाटतंय, ते पण आत्ताच सांगून ठेवतो."

"म्हणजे जन्मभर भांडणं."

"तुझ्यासंगं भांडायला आवडतं मला."

"नुसतं भांडायलाच?"

"…तू पण आवडतेस."

केवढंसं वाक्य, पण ऐकून तिला रडूच आलं. ओढणीनं डोळे पुसत तिनं तिथंच फोन लावला.

"आबा, रविवारी पाव्हण्यांना बोलवू नका."

"कावून?"

"मला एकजण आवडतो. ख्रिस्ती हाय."

पलीकडं गोठ्यातल्या गाईची घंटा तेवढी ऐकू येत होती. गिदोननं हळूच तिचा मोकळा हात धरला.

"तुला बाटवायला तर न्हाई ना निघाला?" आबांनी विचारलं.

"न्हाई आबा. आत्ताच इचारलं मी."

"हं…" पुन्हा घंटा. "पाव्हण्यांचं मी बघतो. रविवारी त्याला घिऊन ये. व्हय म्हणत न्हाई मी, पोरी, नुसतं बघतो. पण धड बोलतो तरी का त्यो? आपल्या घरात मुक्याचा निभाव लागत न्हाई."

संस्कृतीनं शेजारी पाहिलं. गिदोनचं तोंड पांढरंफटक पडलेलं, आणि हात मात्र घट्ट धरलेला.

"बोलतो की आबा, लई बोलतो," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच गप झाला… म्हणून तर फोन लावला."