भोंग्यानंतरची फेरी

त्या रविवारी शर्यतीत मी शेवटची आले, यात बातमी काहीच नव्हती. मी कायमच शेवटची. बातमी ही होती, की धक्क्यावर कोणीतरी उभं होतं.

एरवी मी काठाला लागेपर्यंत क्लबात चिटपाखरू नसायचं. बाकीच्यांच्या बोटी धुऊन, झाकून ओळीनं पडलेल्या आणि किटलीत तळाचा गार चहा. माझी शिडाची बोट जुनी, लाकडी, दोघांनी चालवायची. क्लबात तिला म्हैस म्हणतात आणि मी रागावत नाही, कारण ती पाण्यात बसते ती तशीच, हलायचं नाव घेत नाही. पूर्वी पुढच्या फळीवर दादा बसायचा. लग्न करून तो दूरच्या शहरात गेला, म्हैस माझ्या गळ्यात टाकून. दर रविवारी संध्याकाळी फोन करतो. आधी तासभर बोलायचा, आता ‘बरी आहेस ना’वर उरकतं.

तर धक्क्यावर एक उंच माणूस. भुरभुर पाऊस, एका हातात छत्री, दुसऱ्यात घड्याळ... आणि छत्री धरलेली घड्याळावर! स्वतः चिंब. मी रेषा ओलांडली तसा त्यानं भोंगा वाजवला. माझ्या एकटीसाठी एवढा मोठा भोंगा. मी दचकून सुकाणू सोडलं आणि म्हैस थेट धक्क्यावर जाऊन धडकली.

“लागलं का?” त्यानं विचारलं.

“मला की बोटीला?”

“आधी तुम्हाला.” मग जरा थांबून — “नंतर धक्क्याला.”

हा आमचा नवा वेळ धरणारा. जुन्या काकांचे गुडघे गेले, म्हणून त्यांच्या जागी आलेला. आठवडाभर तो दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत, शिक्के मारत हिंडायचा, त्यामुळे क्लबात त्याचं नाव लगेच काटेवाला पडलं. बोटीत तो कधी बसला नव्हता. पोहता येत नाही, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

त्यानंतरचा प्रत्येक रविवार तसाच गेला. शर्यत पाच फेऱ्यांची. सगळे पाच पूर्ण करून चहा पिऊन घरी जायचे, तेव्हा माझी चौथी चालू. खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या शेवटच्या बोयाला वळसा घातला की मी आधी धक्क्याकडे बघायची. तो असायचाच. मग तो माझा दोर धरायचा, शिडाची घडी घालायला मदत करायचा... म्हणजे मी नीट घातलेली घडी मोडायचा. दोन कप चहा त्यानं झाकून ठेवलेला असायचा.

मी काय करते, त्यानं विचारलं होतं. मी दातांच्या कवळ्या घडवते. दिवसभर मागच्या खोलीत मी, टेबलावरचा दिवा आणि दुसऱ्यांचं हसू. लोक डॉक्टरला भेटतात, मला कोणी भेटत नाही. हे ऐकून तो माझ्याकडे जरा जास्तच निरखून बघायला लागला. हे दात माझेच आहेत, म्हटलं, हवं तर तपासून शिक्का मारा. बिचारा कानापर्यंत लाल झाला. पुढचा आठवडाभर मी ते लाल कान आठवून दिव्याखाली एकटीच हसत होते.

खरं सांगायचं, तर आठवड्यातून तेवढा अर्धा तासच कोणीतरी माझी वाट बघत होतं. सोमवारपासून मी त्या अर्ध्या तासाकडे डोळे लावून बसायची. आणि मनाला रोज बजावायची, की बाई गं, हे त्याचं काम आहे. शेवटची बोट येईपर्यंत थांबायचं, एवढंच.

एका रविवारी शर्यतीआधी तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, की आजपासून पद्धत बदलतोय. सगळ्यांना सारख्या फेऱ्या मारायला लावणं बरोबर नाही, जड बोटीचा जीव जातो. यापुढे सगळ्यात वेगवान बोटीची शेवटची फेरी झाली, की भोंगा. त्यानंतर जो तो ज्या फेरीत असेल ती पुरी करून थांबेल. कोणाच्या पाच होतील, कोणाच्या तीन. लागलेल्या वेळेला फेऱ्यांनी भागायचं, म्हणजे एका फेरीची सरासरी निघेल. मग बोट जड की हलकी हे बघून ठरलेली सूट द्यायची आणि नंबर लावायचे. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हशीला न्याय मिळाला म्हणाले.

मी हसले. मग हिशेब केला. आता मी सगळ्यांबरोबरच काठाला लागणार. मग थांबणार कोण, आणि कशाला?

त्या दिवशी वारा छान होता. भोंगा झाला, तेव्हा मी तिसऱ्या फेरीच्या अगदी टोकाला होते. दोन मिनिटांत रेषा ओलांडली आणि सुटले. निळ्या बोटीतल्या पोस्टातल्या मावशींनी मात्र भोंग्याच्या जरासं आधी रेषा ओलांडली होती, त्यामुळे त्यांना आणखी एक पूर्ण फेरी आली. आणि नेमका वारा पडला. मावशी बराच वेळ पाण्याच्या मधोमध लोंबकळत राहिल्या. त्या आल्या तेव्हा काठावरून मी बघितलं — तो धक्क्यावर उभा होता. तेच घड्याळ, तीच छत्री. मावशींसाठीही त्यानं तसाच भोंगा वाजवला.

म्हणजे तो कोणासाठीही थांबतो. मला हे ठाऊक होतं, तरी डोळ्यांत पाणी आलंच.

निकाल लागला. मी पहिली! टाळ्या झाल्या. त्यानं माझा नंबर वाचला तो खाली मान घालून. एकदाही वर बघितलं नाही, आणि झाकून ठेवलेला चहाही नव्हता. उभ्या जन्मात पहिल्यांदा जिंकले आणि इतकं एकटं मला म्हशीवरही कधी वाटलं नव्हतं.

मी क्लबाच्या सेक्रेटरीकाकांना गाठलं आणि म्हटलं, माझी हरकत आहे. मावशींची शेवटची फेरी पडलेल्या वाऱ्यातली, त्या एका फेरीनं त्यांची सरासरी बुडाली. मी केवळ भोंग्याच्या नशिबानं वाचले. हा नंबर त्यांचा.

काका चष्म्यावरून बघतच राहिले.

“कमाल आहे तुझी. एवढे महिने तुझी वेळ धरलीच जात नव्हती, तेव्हा चकार शब्द काढला नाहीस. आणि आता जिंकलीस तर हरकत?”

“धरली जात नव्हती म्हणजे?”

“अगं, पहिली बोट आल्यापासून अर्ध्या तासात जो येईल तोच मोजायचा. त्यानंतर येणाऱ्याला सरळ शेवटचा नंबर. जुने काका अर्धा तास झाला की घड्याळ खिशात टाकून घरी जायचे. यालाही मी दोनदा सांगितलं, तिच्यासाठी थांबायचं काही कारण नाही म्हणून.”

मी धक्क्यावर गेले. तो बोयाचा दोर गुंडाळत होता. पाऊस पुन्हा सुरू झाला होता आणि छत्री बाजूला मिटून पडली होती.

“माझी वेळ मोजायची नसायची म्हणे.”

त्याचा हात थांबला. “नसायची.”

“मग घड्याळ कशाला चालू ठेवायचात?”

त्यानं नीट गुंडाळलेला दोर पुन्हा उलगडला. मग म्हणाला, “घड्याळाशिवाय नुसताच उभा राहिलो असतो, तर... कसं दिसलं असतं?”

मला रागच आला. मग ही सरासरी कशाला काढलीत, म्हटलं, मला लवकर घरी पाठवायला? तो गोंधळला. एका रविवारी बोटीतून उतरताना मी डोळे पुसले होते, ते त्यानं पाहिलं होतं. “मला वाटलं, एकटीनं शेवटी येणं तुम्हाला लागतं.”

“लागायचं,” मी म्हटलं. “तुम्ही यायच्या आधी.”

आता त्यानं वर बघितलं. भिजलेल्या चेहऱ्यावर पाऊस कुठला आणि काय कुठलं, कळत नव्हतं. आजचा माझा निकाल त्यानं तीनदा काढला होता. काट्यावर आपलाच हात पडलाय की काय, अशी त्याला धास्ती. तिन्ही वेळा मीच पहिली आले, तरी विश्वास बसेना. पहिला नंबर मावशींचा आहे, मी तशी हरकत घेतलीये, असं सांगितलं तेव्हा तो इतका मोकळा हसला... मी ते हसू पहिल्यांदाच बघत होते.

“हरकत बरोबर आहे तुमची,” तो म्हणाला. “फेऱ्या मोजता येतात, वारा नाही. पण पुढच्या रविवारपासून निकाल सेक्रेटरीकाका काढतील. तुमच्या बाबतीत मला... काटा सरळ धरता येत नाही.”

“मग तुम्ही रविवारी करणार काय?”

“माहीत नाही.”

“तरंगायचं जाकीट घट्ट बांधून या,” मी म्हटलं. “पुढची फळी रिकामी आहे.”

पुढच्या रविवारी म्हैस आणखी चार बोटं खाली बसली. तो दोन्ही हातांनी काठ आवळून, चेहरा पांढरा करून बसला होता. मी सांगेन तेव्हा डावीकडे आणि मी न सांगतासुद्धा माझ्याकडे वळत होता. भोंगा झाला तेव्हा आमच्या जेमतेम दोन फेऱ्या झाल्या होत्या. तिसरी पुरी करून आम्ही रेषा ओलांडली. काकांनी भोंगा वाजवला, घड्याळ खिशात टाकलं आणि हातानं खूण केली, की झालं, या आता.

मी सुकाणू काठाकडे वळवायला लागले.

“अजून एक फेरी मारशील?” तो म्हणाला. एवढे महिने ‘तुम्ही’, आणि आज एकदम हे. बोलून झाल्यावर कान लाल.

“ही कोणी मोजणार नाही हं.”

“नको मोजू दे.”

मी शीड ओढून घेतलं आणि पुन्हा पहिल्या बोयाकडे निघाले. काठावर एकेक जण घरी जायला लागला. थोड्या वेळानं क्लबात चिटपाखरूही उरलं नसेल. कपाटातल्या माझ्या बॅगेत दादाचा फोन वाजून वाजून थांबला असणार. मी त्याला रात्री उलटा फोन केला, आणि त्या दिवशी तासभर मीच बोलत होते.