चौकटीत एकच चेहरा हवा

पुष्पांजलीचा फोन आला तेव्हा मी तिरोड्याच्या माझ्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात प्रिंटर पुसत होते. बोदलकसा तलावाजवळच्या गावात ती सेवा केंद्र चालवते.

"अंजूताई, कॅमेरा बिघडला. देवकाबाईचा हयातीचा दाखला निघूनच नाही राहिला. आज शेवटचा दिवस आहे, नाही तं म्हातारीची पेन्शन बंद होते."

"कॅमेरा बिघडला की प्रोग्राम?"

"ते मले काय समजते!"

हे मी प्रत्येकाला विचारते. भाग बदलल्यावर दोष गेला तर तो भागाचा. राहिला तर प्रोग्राम तपासायचा. दोष सापडल्याशिवाय मी बॅग आवरत नाही.

केंद्र म्हणजे तलावाच्या पाळीखालची एक खोली. दुपारचं ऊन टेबलापर्यंत आलेलं. कॅमेऱ्यासमोर देवकाबाई डोक्यावर पदर घेऊन ताठ बसली होती. पुष्पांजलीनं बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'चौकटीत दोन चेहरे आहेत. कृपया एकच व्यक्ती असावी.'

म्हातारीच्या मागे कोरी भिंत होती.

मी माझा कॅमेरा लावला. तेच. पुष्पांजलीला बसवलं, तर लगेच हिरवी खूण. प्रोग्राम काढून नव्यानं टाकला, मग माझा लॅपटॉप लावला. पुष्पांजली बसली की एक चेहरा. देवकाबाई बसली की दोन.

"उजेडाचा घोळ असेल. आजी, बाहेर चला."

पाळीवर तिला उभं करून मी मोबाइलवर तोच प्रोग्राम उघडून धरला. मागे नुसतं पाणी. मोबाइल सापडलेल्या चेहऱ्याभोवती पांढरा चौकोन काढतो. एक चौकोन म्हातारीच्या चेहऱ्यावर बसला. दुसरा तिच्या खांद्यापाशी, रिकाम्या हवेत. तो किंचित वरखाली होत होता, श्वास घेतल्यासारखा.

काच पुसून मी मोबाइल पुन्हा धरला. दोन्ही चौकोन तसेच.

"आजी, दाखला काढल्याशिवाय मी जात नाही."

"कायले येवढा तरास घेतेस, पोरी?" ती म्हणाली. मग मान वळवून हळूच बोलली, "जरासा बाजूले सर."

चौकोन सरकला. पडद्याच्या कडेपर्यंत गेला, मग दिसेनासा झाला.

हिरवी खूण.

खोलीत परत येऊन दाखला छापताना मी विचारलं, "कोण आहे, आजी?"

"मले का मालूम? पण सांगतलं तं ऐकते."

कागद घडी करून ती निघाली. पुष्पांजली दाराशी जमिनीवर बसून वायर गुंडाळत होती. वाट द्यायला तिनं पाय जवळ घेतले.

म्हातारी बाहेर पडली.

पुष्पांजलीनं पाय तसेच ठेवले. वायर गुंडाळता गुंडाळता, वर न बघता, थोडा वेळ. मग पसरले.